आपल्या क्लबचे जुने स्टॉपर: नाव एकट्याचे घ्यावे की जोडीचे?

जनकगंज (धागाकर्ता)

ग्वाल्हेरात हॉकीचा विषय निघाला की तो कॅप्टन रूपसिंहांपर्यंत पोहोचल्याशिवाय थांबत नाही आणि क्रिकेटचा निघाला तर रात्र पुरत नाही. फुटबॉलवर मात्र आपण कमी बोलतो, आणि बोललोच तर गोल करणाऱ्यांविषयी बोलतो. म्हणून हा धागा बचावफळीच्या मधोमध उभ्या राहणाऱ्यांसाठी, म्हणजे स्टॉपरसाठी, काढत आहे. आपापल्या क्लबच्या इतिहासातला तुमचा सर्वांत लाडका स्टॉपर कोण, ते अवश्य लिहावे. माझी एकच अट आहे, की त्याचे नाव घेताना त्याच्या शेजारी कोण उभा असे, तेही सांगावे. आघाडीपटू एकट्याच्या बळावर सामना फिरवू शकतो, गोलरक्षक एकट्याने लाज राखू शकतो. पण मध्य बचावपटू जेव्हा जागा सोडून चेंडूवर जातो, तेव्हा तो शेजाऱ्याच्या भरवशावर जातो. त्यामुळे त्याची थोरवी एकट्याची म्हणून मोजता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

माझा क्लब एसी मिलान आणि माझे नाव अर्थातच फ्रँको बारेसी. त्याचा थोरला भाऊ ज्युसेप्पे इंटरमध्ये होता आणि त्याच इंटरने फ्रँकोला चाचणीत नाकारले होते. १९७८ मध्ये तो मिलानच्या मुख्य संघातून पहिला सामना खेळला आणि १९९७ मध्ये तिथेच निवृत्त झाला. या काळात मिलानची १९८० आणि १९८२ अशी दोनदा दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली, तरी त्याने क्लब सोडला नाही. मिलानने पुढे त्याचा ६ क्रमांक कायमचा निवृत्त केला. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. स्टॉपरची जी धिप्पाड प्रतिमा आपल्या मनात असते, तिच्यात तो कुठेच बसत नाही.

१९८७ मध्ये आरिगो साक्की प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी माणसामागे माणूस लावण्याची इटालियन रीत मोडून चौघांची एक सरळ फळी उभी केली. त्या फळीत बारेसीच्या शेजारी मिलानच्याच युवा संघातून वर आलेला अलेस्सांद्रो कोस्ताकुर्ता होता. त्या काळातल्या चित्रफिती पाहताना चेंडू सोडून फक्त या दोघांकडे पाहावे. प्रतिस्पर्धी मध्यरक्षकाची मान खाली जाते आणि तो चेंडू मारण्यासाठी पाय मागे घेतो, नेमक्या त्या क्षणी बारेसी दोन पावले पुढे टाकतो. कोस्ताकुर्ता त्याच्याकडे न पाहताच तीच दोन पावले टाकतो. समोरचा आघाडीपटू धावायला लागलेला असतो, पण तोवर तो दोघांच्याही मागे, गोलच्या बाजूला राहून ऑफसाइड झालेला असतो (चेंडू मारला जाताना आघाडीपटूने बचावफळीच्या पलीकडे असणे नियमाला धरून नसते), आणि दाद मागणारा बारेसीचा हात पंचांच्या निशाणाआधीच वर गेलेला असतो. लोकांना तो हात आठवतो. मला कोस्ताकुर्ताची ती दोन पावले अधिक मोलाची वाटतात, कारण ती अर्धा क्षण जरी उशिरा पडली असती, तरी त्या हाताला काही अर्थ उरला नसता. १९८७-८८ च्या हंगामात या संघाने ३० लीग सामन्यांत अवघे १४ गोल खाल्ले आणि विजेतेपद पटकावले.

शिंदे_छावणी

विषय उत्तम काढला आहे आणि अटही मान्य आहे. माझा क्लब आर्सेनल, माझा स्टॉपर टोनी अ‍ॅडम्स, आणि शेजारी स्टीव्ह बोल्ड. अ‍ॅडम्सविषयी सर्वांनाच ठाऊक असते: एकच क्लब, वयाच्या एकविसाव्या वर्षी कर्णधारपद, दारूचे व्यसन, १९९६ मध्ये त्याची जाहीर कबुली आणि त्यानंतर घडवलेले नवे आयुष्य. बोल्ड मात्र नेहमी त्याच्या सावलीत राहिला. त्यामुळे १९९०-९१ चा हंगाम मुद्दाम सांगतो. त्या वर्षी आर्सेनलने ३८ सामन्यांत १८ गोल खाल्ले, एकच सामना गमावला आणि लीग जिंकली. पण डिसेंबर १९९० मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अ‍ॅडम्सला तुरुंगात जावे लागले होते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो संघात नव्हता. बोल्ड त्या हंगामात सर्वच्या सर्व लीग सामने खेळला. त्याच्या शेजारी कधी डेव्हिड ओलिअरी आला, कधी अँडी लिनिघन आला, आणि तरी फळी मोडली नाही. हंगामातला तो एकमेव पराभव, चेल्सीविरुद्धचा, अ‍ॅडम्स तुरुंगात असतानाच झाला, हेही खरे आहे. म्हणजे अ‍ॅडम्सचे मोल त्या पराभवात दिसते आणि बोल्डचे मोल त्याच्या आगेमागे न झालेल्या पराभवांत दिसते.

शिवाय ३ मे १९९८ चा एव्हर्टनविरुद्धचा चौथा गोल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जोडी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. स्टॉपर बोल्डने मधल्या भागातून चेंडू अलगद वरून टाकला, स्टॉपर अ‍ॅडम्स धावत पुढे गेला आणि त्याने डाव्या पायाने तो जाळ्यात मारला. लीग त्याच दुपारी निश्चित झाली.

थाटीपूरकर

धागाकर्त्यांच्या मताचा आदर ठेवून मी त्याच्या विरुद्ध बाजूने लिहितो. माझा क्लब मँचेस्टर युनायटेड आहे आणि माझा आवडता स्टॉपर पॉल मॅकग्रा आहे. त्याला १९८९ मध्ये आमच्या क्लबने अ‍ॅस्टन व्हिलाला चार लाख पौंडांत विकले. गुडघ्यांवर अनेक शस्त्रक्रिया झालेल्या, सोबतीला दारूचे व्यसन असलेल्या खेळाडूचे आता काही खरे नाही, असा तेव्हाचा हिशेब होता. व्हिलात त्याचे गुडघे सांभाळण्यासाठी त्याला आठवडाभराच्या सरावातून जवळजवळ पूर्ण सूट होती. धागाकर्ते ज्या सोबतीविषयी बोलत आहेत, ती सरावाच्या मैदानावर घडते. मॅकग्राच्या वाट्याला ती आलीच नाही. आणि तरी १९९३ मध्ये इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंनी आपल्या मतांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवले.

१८ जून १९९४ रोजी जायंट्स स्टेडियममध्ये आयर्लंडने विश्वचषकात इटलीला १-० असे हरवले. त्या सामन्यात रॉबेर्तो बाज्जोसमोर मॅकग्रा ज्या तऱ्हेने उभा राहिला, तसा बचाव मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही. कुठे चेंडू येणार हे त्याला चेंडूच्या आधी कळत असे. पळून गाठायचे गुडघे उरले नव्हते, म्हणून तो आधीच तिथे जाऊन उभा असे. अशा माणसाला जोडीदाराच्या नावाने मोजायचे, हे मला पटत नाही.

जनकगंज

थाटीपूरकर, मॅकग्राविषयी आपण जे लिहिले त्यातला शब्द न् शब्द मान्य आहे. फक्त एक आठवण करून देतो. १९९२-९३ मध्ये व्हिला दुसऱ्या क्रमांकावर राहिली आणि लीग जिंकली ती आपल्याच क्लबने, २६ वर्षांनंतर. तेव्हा मधोमध स्टीव्ह ब्रूस आणि गॅरी पॅलिस्टर होते. ४२ सामन्यांत ३१ गोल खाल्ले. ब्रूसला इंग्लंडच्या मुख्य संघातून एकही सामना मिळाला नाही, पॅलिस्टरलाही मोजकेच मिळाले, पण दोघे शेजारी उभे राहिले की त्या बेरजेपुढे इतरांचे काही चालत नसे. सर्वोत्तम खेळाडूचा मान एकट्याला मिळाला आणि करंडक जोडीला मिळाला.

दौलतगंजचे_आजोबा

मंडळी, आपण सगळे इटली आणि इंग्लंडमध्ये रमला आहात, त्यात वावगे काही नाही. पण स्टॉपरची गोष्ट चालू असताना जर्नेलसिंगांचे नाव अजून निघाले नाही, याचे मला वाईट वाटले. माझा क्लब मोहन बागान. १९६३, १९६४ आणि १९६५ अशी सलग तीन वर्षे मोहन बागानने ड्युरँड करंडक जिंकला. त्या काळात माझे वडील मला रात्रीच्या गाडीने दिल्लीला हा खेळ दाखवायला नेत असत. ग्वाल्हेरहून मोठा फुटबॉल पाहायचा तर दिल्लीशिवाय जवळ काही नव्हते.

जर्नेलसिंग पंजाबातून आले होते. फाळणीत त्यांच्या कुटुंबाला लायलपूरकडचा मुलूख सोडावा लागला होता. खेळाडू म्हणून त्यांचे हत्यार म्हणजे घसरत जाऊन घातलेला टॅकल. समोरचा खेळाडू त्यांना चुकवून गेला असे वाटावे, लोकांनी श्वास रोखावा, आणि त्याच वेळी मागून लांबलचक पाय येऊन चेंडू बाजूला सारावा. आजकालचे जाणकार म्हणतात की टॅकल घालावा लागणे हीच बचावपटूची हार आहे. तो विचार युरोपातल्या गुळगुळीत मैदानांवर शोभतो. आमच्या त्या उखडलेल्या मैदानांवर चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसे. तिथे आधीच जागेवर उभे राहून भागत नव्हते.

आता धागाकर्त्यांच्या अटीकडे येतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्यानंतर त्यांना उपांत्य आणि अंतिम सामन्यांत चक्क आघाडीला खेळवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी गोल केला, आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल पी. के. बॅनर्जींनी तर दुसरा जर्नेलसिंगांनी केला. भारताने २-१ असे सुवर्णपदक जिंकले. सगळे जण त्या टाके घातलेल्या डोक्याची गोष्ट सांगतात. पण आपला सर्वांत भक्कम स्टॉपर उचलून पुढे नेण्याची हिंमत प्रशिक्षकाला कशामुळे झाली? मागे अरुण घोष होते म्हणून. एकवीस वर्षांच्या आसपासचा तो तरुण त्या सामन्यांत बचाव सांभाळत होता. तेव्हा जनकगंज, माझे मत तुमच्या बाजूला धरावे.

मुरारकन्या

आजोबा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या पिढीला जर्नेलसिंग फक्त नावाने माहीत आहेत, त्यामुळे असे अजून लिहावे, ही विनंती.

मी इथल्याच लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत शिकले आणि तिथल्या मैदानावर स्टॉपर म्हणून खेळले, त्यामुळे जोडीविषयी मला मैदानाच्या आतून काही सांगावेसे वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला पावले दिसतात. आत असणाऱ्याला आवाज ऐकू येतो. आमच्याकडे मणिपूर, केरळ, बंगाल, हरयाणा अशा सगळीकडच्या मुली असत आणि मैदानावरची भाषा दोन-तीन शब्दांची होती: ‘चढो’, ‘छोड’, ‘मेरा’. चेंडू हवेत असताना ‘मेरा’ हा शब्द कोणी आधी उच्चारला, यावर सगळे अवलंबून असते. जी ‘मेरा’ म्हणते ती उडी घेते, आणि दुसरीने त्याच क्षणी चार-पाच पावले मागे सरून तिच्या पाठीमागची जागा झाकायची असते. उडी घेणारी चुकली, तरी गोल होत नाही. माझी जोडीदार मणिपूरची होती. सुरुवातीच्या काही महिन्यांत आम्ही दोघी एकाच चेंडूवर जात होतो किंवा दोघीही मागे सरत होतो. नंतर शब्दांची गरजच उरली नाही. तिचा श्वास बदलला की मला कळत असे. थाटीपूरकरांना मॅकग्राविषयी जे वाटते ते मी समजू शकते, पण व्हिलात त्याच्या शेजारी खेळणाऱ्या शॉन टीलला आपल्या धावण्यात किती बदल करावा लागला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माझा क्लब लिव्हरपूल आहे आणि माझी जोडी अ‍ॅलन हॅन्सन व मार्क लॉरेन्सन. हॅन्सनला लिव्हरपूलने १९७७ मध्ये पार्टिक थिसलकडून एक लाख पौंडांत घेतले, आणि लॉरेन्सन १९८१ मध्ये ब्रायटनहून नऊ लाखांत आला. हॅन्सन चेंडू लांब भिरकावून मोकळा होत नसे. तो चेंडू पायाशी घेऊन, मान वर ठेवून, मध्यरेषेपर्यंत चालत जाई. स्टॉपरने असे करणे म्हणजे घराचे दार उघडे टाकून बाजारात जाणे आहे, आणि ते परवडत होते ते मागे लॉरेन्सनसारखा वेगवान माणूस असल्यामुळेच. १९८३-८४ मध्ये लिव्हरपूलने लीग, लीग चषक आणि रोममध्ये रोमाविरुद्ध पेनल्टींवर युरोपियन चषक, असे तिन्ही जिंकले. १९८८ मध्ये टाचेच्या दुखापतीने लॉरेन्सनची कारकीर्द संपली. हॅन्सनची १९९० ची लीग मी कमी लेखत नाही, पण मला तो लॉरेन्सनसोबतचाच आवडतो.

महाराज_बाडा

चर्चा सुंदर चालली आहे, तरी धागाकर्त्यांना एक अवघड प्रश्न विचारणे भाग आहे, आणि तो त्यांच्याच क्लबचा आहे. १९९४ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये मोनॅकोविरुद्धच्या उपांत्य सामन्यात कोस्ताकुर्ताला लाल कार्ड मिळाले आणि बारेसीला पिवळे. त्यामुळे अथेन्सच्या अंतिम सामन्याला दोघेही मुकले. समोर क्रायफ यांची बार्सिलोना होती, रोमारिओ आणि स्टॉइचकोव्ह होते. मिलानने मधोमध माल्दिनी आणि फिलिप्पो गाली यांना उभे केले आणि सामना ४-० असा जिंकला. तुमची लाडकी जोडी पूर्णपणे बाहेर असताना एकही गोल झाला नाही. मग थोर कोण? जोडी की प्रशिक्षकाची शिकवण? मला वाटते की तुम्ही ज्याला जोडीचे श्रेय देता, ते संपूर्ण फळीच्या तालमीचे श्रेय आहे.

जनकगंज

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही. माल्दिनी आणि गाली हे त्या रात्री प्रथमच भेटलेले दोन अनोळखी खेळाडू नव्हते. दोघेही मिलानच्याच युवा संघातले, आणि बारेसीच्या शेजारी, त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर, वर्षानुवर्षे पुढे-मागे होत वाढलेले. गाली तर कोस्ताकुर्ता स्थिरावण्याआधीपासून बारेसीच्या शेजारी खेळत होता. त्यामुळे अथेन्समध्ये माणसे बदलली तरी सवय बदलली नाही. तालीम हा शब्द आपण योग्यच वापरलात. पण तालमीत जे घोटले जाते, ते शेजाऱ्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळवणे हेच असते. प्रशिक्षकही त्या मधल्या काळात बदलले होते. साक्की १९९१ मध्ये गेले, कापेल्लो आले, खेळाची धाटणी सावध झाली. १९९३-९४ च्या लीगमध्ये मिलानने ३४ सामन्यांत केवळ ३६ गोल केले, खाल्ले मात्र १५, आणि लीग जिंकली. दोन वेगळ्या विचारांच्या प्रशिक्षकांखाली जे टिकले, ते मागच्या चौघांचे आपसातले नाते होते.

आणखी एक गोष्ट. कोस्ताकुर्ता २००३ च्या मँचेस्टरमधील अंतिम सामन्यातही होता, वयाच्या ३७ व्या वर्षी, उजव्या बाजूला. मधोमध नेस्ता आणि माल्दिनी होते. युव्हेंटसविरुद्ध १२० मिनिटे गोलशून्य गेली आणि मिलान पेनल्टींवर जिंकला. बारेसीच्या फळीतले दोघे त्या फळीतही उभे होते. नेस्ता लाझिओतून तयार होऊन आला होता, त्याचे कसब निर्विवाद आहे. तरी तो ज्या घरात आला त्याची रीत या दोघांनी जपलेली होती.

आणि एकट्या बारेसीविषयी लिहायचे झाले, तर तेही लिहितो, कारण थाटीपूरकरांनी मॅकग्राविषयी इतक्या मायेने लिहिले आहे. १९९४ च्या विश्वचषकात नॉर्वेविरुद्ध त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली, आणि चार आठवडेही झाले नसताना तो पासाडेनाच्या रणरणत्या उन्हात ब्राझीलविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला. रोमारिओ आणि बेबेटो यांना १२० मिनिटांत एकही गोल करता आला नाही. नंतर इटलीची पहिली पेनल्टी त्याने गोलच्या वरून मारली. लोकांना बाज्जोची चुकलेली पेनल्टी लक्षात आहे. कोस्ताकुर्ता त्या सामन्याला निलंबनामुळे मुकला होता, आणि शेजारी उभा होता तो पुन्हा माल्दिनी.

थाटीपूरकर

आपल्या या उत्तराने मी पूर्ण मागे हटत नाही, पण एका जोडीचे नाव मला स्वतःहून द्यायचे आहे: रिओ फर्डिनंड आणि नेमान्या विदिच. एक आधी पाहणारा, दुसरा आधी भिडणारा. २००८-०९ मध्ये आमचा गोलरक्षक व्हॅन डेर सारने लीगमध्ये सलग १३११ मिनिटे गोल होऊ दिला नाही. मात्र त्याच मालिकेतले अनेक सामने फर्डिनंड दुखापतीमुळे खेळला नाही, आणि त्याच्या जागी कोवळा जॉनी एव्हान्स विदिचच्या शेजारी उभा होता. हे उदाहरण तुमच्या मताला बळ देते की माझ्या, ते वाचणाऱ्यांनी ठरवावे. माझ्या मते एकटा विदिच एव्हान्सला ओढून नेत होता.

शिंदे_छावणी

मला ते उलट दिसते. नवख्या शेजाऱ्याला आपल्या बरोबरीचा करून घेणे, हाच जोडीतल्या ज्येष्ठाचा खरा गुण आहे. आमच्याकडे २००३-०४ मध्ये सॉल कॅम्पबेलच्या शेजारी कोलो तुरे आला. त्याआधी तो मधल्या फळीत आणि कडेला खेळत असे, मुरलेला स्टॉपर नव्हताच. तो हंगाम आर्सेनलने एकही लीग सामना न गमावता पूर्ण केला.

दौलतगंजचे_आजोबा

आपल्या देशातली अलीकडची एक जोडी राहून गेली, तिची नोंद असावी. गोव्याच्या देंपो क्लबचे महेश गवळी आणि समीर नाईक. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली देंपोने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीनदा आय-लीग जिंकली. गवळी शांत डोक्याचा, चेंडूकडे न झेपावता आघाडीपटूला कडेकडे रेटत नेणारा. जर्नेलसिंगांच्या अगदी उलट वळणाचा खेळाडू, आणि मला तितकाच प्रिय.

तानसेननगर

मी या सगळ्यांपैकी कोणालाच प्रत्यक्ष सामन्यात पाहिलेले नाही. माझा जन्मच नंतरचा आहे. जनकगंजकाका, बारेसी आणि कोस्ताकुर्ता यांचा एकच सामना पाहायचा असेल, तर कोणता पाहावा? गोलांच्या संकलित चित्रफितींत बचावपटू दिसतच नाहीत.

जनकगंज

१९ एप्रिल १९८९ चा, सान सिरोवरील रेआल माद्रिदविरुद्धचा उपांत्य सामना पाहा, आणि तो पूर्ण पाहा. निकाल ५-० आहे, त्यामुळे सगळे आंचेलोत्तीच्या लांबून मारलेल्या गोलविषयी आणि व्हॅन बास्टनविषयी बोलतात. तुम्ही पहिल्या वेळी फक्त पूर्वार्ध पाहा आणि नजर मिलानच्या शेवटच्या चौघांवर ठेवा. ऊगो सांचेस आणि बुत्रागेन्यो यांच्यासाठी चेंडू यायला निघाला की ही फळी कुठे आहे, ते दर वेळी थांबवून बघा. एक लक्षात ठेवावे, की तेव्हा बचावपटूच्या रेषेत असलेला आघाडीपटूही ऑफसाइड धरला जाई. तो नियम १९९० मध्ये बदलला. गोलरक्षकाला परत दिलेला चेंडू हातात घेण्याचीही मुभा होती, ती १९९२ मध्ये गेली. या दोन्ही गोष्टी ठाऊक नसतील, तर ती फळी इतकी पुढे का उभी राहू शकत होती, हे उमजणार नाही. त्याच लढतीचा माद्रिदमधला पहिला सामना १-१ असा सुटला होता; तो नंतर पाहा, कारण परक्या मैदानावर मिलानची फळी काय वेगळे करते, ते त्यात दिसते. पाहून झाल्यावर कोस्ताकुर्ताविषयी काय वाटले, ते इथेच लिहा.